आठशे की सोळाशे

मराठीत हुकूम सोडायला लिंग लागत नाही. सावधान, विश्राम, पळ, थांब, ऊठ, बस. समोर कोण उभं आहे याची चौकशी न करता हे शब्द तोंडातून सुटतात. भानगड सुरू होते ती हुकूम पाळून झाल्यावर. पळून झालं की कोणीतरी आला किंवा आली, आणि त्यातलं एक निवडल्यावाचून मराठी माणसाचं वाक्य पुरं होत नाही. आमच्या सुभेदारांची पंचाईत नेमकी इथेच झाली.

नागपुरात इंदोऱ्याहून कामठी रोडने पुढे गेलं की रस्त्यापासून जरा आत एक मोकळं मैदान आहे. त्याला नाव नाही. पहाटे पाचला तिथे तीस-चाळीस पोरंपोरी जमतात. कोणी पोलीस भरतीची, कोणी फौजेची, कोणी वनरक्षकाची. सुभेदार त्यांना फुकट शिकवतात. ते ब्रिगेड ऑफ द गार्ड्समधून निवृत्त झाले. त्या रेजिमेंटचं केंद्र इथून जवळच, कामठीला. मी बँकेतून निवृत्त झालो. गुडघ्यांमुळे पळणं बंद, पण अक्षर बरं, म्हणून हजेरीवही माझ्याकडे आली. डावीकडच्या पानावर पोरं, उजवीकडच्या पानावर पोरी. चुन्याने आखलेला एक राउंड चारशे मीटरचा. पोरींनी दोन राउंड मारायचे, म्हणजे आठशे. पोरांनी चार, म्हणजे सोळाशे. गोळेही दोन: पोरांचा 7.26 किलोचा, पोरींचा 4 किलोचा. सगळं कसं दोन-दोन, नीट लावलेलं.

2022 च्या नोव्हेंबरात राज्यात पोलीस शिपायांच्या भरतीची जाहिरात आली. अठरा हजारांवर जागा होत्या. मैदानावर एकदम गर्दी वाढली, आणि त्या गर्दीतच एका पहाटे ती आली. 'ती आली' असं मी आज सहज लिहितो आहे. त्या दिवशी काय लिहिलं होतं ते सांगतो पुढे.

सुभेदारांनी तिला लगेच ओळखलं. तीन वर्षांपूर्वी हेच पोरगं फौजेच्या भरतीसाठी त्यांच्याकडे यायचं. भरती मेळाव्यात सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले की धावण्याचे साठपैकी साठ गुण मिळत. हे पोरगं पाच चोवीसला यायचं. हा आपल्या पलटणीत जाणार, असं सुभेदार तेव्हा पोहेवाल्यासकट सगळ्यांना सांगत. मेळाव्याला आठ दिवस राहिले आणि पोरगं गायब झालं. घरी विचारायला गेले तर बापाने दार लावून घेतलं. सुभेदारांनी वहीत त्या नंबरावर स्वतः रेघ मारली होती, अशी की कागद फाटावा.

आता केस मागे बांधलेले, कानात बारीक रिंगा, अंगात तोच जुना ट्रॅकसूट. पोरांची लाइन एकीकडे, पोरींची दुसरीकडे, आणि मधल्या मोकळ्या जागेत ती सावधानमध्ये उभी.

"काका, मी कोणत्या लायनीत?"

"माझ्या मैदानात दोनच लायनी आहेत," सुभेदार म्हणाले.

"सरकारच्या फॉर्मातही दोनच आहेत. पण तिसरीची गोष्ट चालू आहे, काका. कोर्टात."

ती खरं सांगत होती. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या 'नालसा' निकालात तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. 2019 मध्ये संसदेने कायदा केला. तरी 2022 च्या या भरतीच्या ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री एवढंच होतं. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या दोघी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये गेल्या. मॅटने सांगितलं, तिसरा पर्याय द्या. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरात न्यायालयाने सरकारलाच खडसावलं, नियम करणार नसाल तर भरती थांबवू इथवर गोष्ट आली, आणि मग सरकारने कबूल केलं: 13 डिसेंबरपर्यंत अर्जात तिसरा रकाना, आणि मैदानी चाचणीचे निकष 28 फेब्रुवारी 2023 पर्यंत.

ही दुसरी तारीख नीट वाचा. तिने अर्ज भरला होता, पण तिने किती पळायचं आणि कोणता गोळा फेकायचा हे अजून ठरायचं होतं. बाकीच्या अठरा हजार जागांच्या उमेदवारांना परीक्षा माहीत होती. हिला फक्त एवढंच माहीत होतं की परीक्षा आहे.

"मग तू काय करणार?" मी विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली.

आणि तसंच केलं. पोरींबरोबर आठशे पळायची, दम घ्यायची, मग पोरांबरोबर सोळाशे. आधी 4 किलोचा गोळा, मग 7.26 चा. पूर्वीचे पाच चोवीस राहिले नव्हते. औषधं सुरू झाल्यापासून दम लवकर तुटतो, असं ती सांगायची. पण रोज पोरांनी चार राउंड मारले तर हिने सहा मारलेले असत.

पहिल्या दिवशी ती आठशेची रेघ ओलांडून आली तेव्हा सुभेदारांनी घड्याळ दाबलं, वेळ सांगितला आणि नेहमीसारखं ओरडायला तोंड उघडलं. "एकतीस नंबर..." पुढचा शब्द अडला. क्षणभर थांबून ते म्हणाले, "एकतीस नंबर आलं."

पोरं फिदीफिदी हसली. ती धापा टाकत म्हणाली, "काका, मी वासरू हाय का?"

आणि मी वहीत काय केलं? डाव्या पानावर लिहावं तर ती चिडेल, उजव्या पानावर लिहावं तर पोरी चिडतील. म्हणून मी वही उलटी केली आणि तिचा नंबर अगदी शेवटच्या पानावर लिहिला. तेव्हा मला ती मोठी युक्ती वाटली होती. शेवटचं पान हे रद्दीला सगळ्यांत जवळचं असतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मैदानाच्या तोंडाशी पोहेवाला आहे. सातनंतर तिथे तर्री-पोह्याच्या प्लेटा घेऊन जी सभा भरते तिच्यापुढे विधानसभा फिकी. त्या आठवड्यात सभेचा विषय एकच.

एक पोरगं म्हणालं, नौदलातल्या शाबीचं काय झालं ते मोबाइलवर वाचा. मी वाचलं होतं. शाबी गिरी 2010 मध्ये नौदलात खलाशी म्हणून लागली तेव्हा नोंद पुरुष म्हणून होती. पुढे रजेवर असताना तिने शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर 2017 मध्ये विशाखापट्टणमला नौदलाने तिला सेवेतून काढलं. कारण असं की भरतीच्या वेळी जी लिंगनोंद होती ती तिने स्वतःहून बदलली, आणि आता तिच्या सेवेची गरज नाही. सात वर्षं जहाजाचं इंजीन तिच्या हाताला ओळखत होतं, रजा संपल्यावर नाही. मी त्या पोराला म्हटलं, मग बीडकडच्या माजलगावचे ललित साळवेही वाच. महिला शिपाई म्हणून पोलिसांत लागलेल्या त्या माणसाने शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, आधी नकार मिळाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी मे 2018 मध्ये गृहखात्याची परवानगी आली, मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि साळवे पुरुष शिपाई म्हणून पुन्हा कामावर गेले. माजलगाव तालुक्याचं काही बुडालं नाही.

"पोलीस वेगळे, फौज वेगळी," सुभेदार म्हणाले. प्लेट खाली ठेवून बोलले, म्हणजे मनापासून बोलत होते. "तुम्ही लोक कायदा सांगता. मी बराक सांगून राहिलो. एका नळावर वीस जण आंघोळ करतात. ग्लेशियरवर एका तंबूत सहा जण, आणि गस्तीला निघालं की सहाही एका दोराला बांधलेले. तिथं एकाच्या मनात दुसऱ्याबद्दल जराशी अढी असली ना, तर माणसं मरतात. ज्याच्या पहाऱ्यात आपला डोळा लागतो तो जवान. बाकी सगळे कागद."

याला उत्तर द्यायला कोणी पुढे आलं नाही. मीही नाही. चाळीस वर्षं लेजरला लेजर जुळवणाऱ्याने ग्लेशियरबद्दल काय बोलावं?

मग पोरींतली एक उठली. सावनेरकडची, बापाची दीड एकर कोरडवाहू, तिची ही तिसरी भरती. ती म्हणाली, "मले तिचा राग नाही. पण ती आमच्यातून धावली आणि एका मार्कानं माझा नंबर गेला तर? मागच्या वेळी दोन मार्कांनी गेला होता."

हे ऐकून काही शहाणे तिच्यावरच घसरले. मला ते पटलं नाही. दीड एकरवाल्याच्या पोरीला दोन मार्क म्हणजे काय, हे प्लेटभर पोहे खाऊन कळत नाही. प्रश्न तिचा रास्त होता, फक्त विचारायची जागा चुकली होती. निकष ठरवणं हे ज्यांचं काम त्यांनी 2014 पासून ते ठरवलं नाही, आणि आता दोन गरीब पोरी एका चुन्याच्या रेघेवर एकमेकींकडे संशयाने बघत उभ्या होत्या.

पोहेवाल्याने वातावरण हलकं करायला पुराण काढलं. "अर्जुन नव्हता का वर्षभर बृहन्नडा? त्यानंच तर वाचवलं विराटाच्या पोराले."

"तो अर्जुन निघाला म्हणून, भाऊ," ती कोपऱ्यातून म्हणाली. "नसता निघाला तर? मी तर कोणीच निघणार नाही. मी हीच आहे."

त्या कथेचा पुढचा भाग कीर्तनात फारसा ऐकू येत नाही, म्हणून इथे सांगून टाकतो. रणातून पळून निघालेल्या उत्तराला बृहन्नडेने रथावर परत बसवलं आणि लढाई जिंकून दिली. इकडे विराट राजा द्यूत खेळत बसला होता आणि मुलाच्या पराक्रमाचं कौतुक करत होता. समोर बसलेला कंक म्हणाला, सारथी बृहन्नडा असल्यावर विजय व्हायचाच. राजाला हे सहन झालं नाही. त्याने हातातला फासा कंकाच्या तोंडावर मारला आणि त्याचं नाक फुटलं. लढाई जिंकलेली होती, गायी परत आलेल्या होत्या, राज्य वाचलेलं होतं. राजाला तक्रार फक्त एका नावाची.

19 डिसेंबरला नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं. शहरभर बंदोबस्त, मोर्चे, अडवलेले रस्ते. त्याच आठवड्यात आमच्या मैदानाच्या पत्र्याच्या खोलीतून एक गोळा, दोर आणि चुन्याची पोती चोरीला गेली. सगळी खाकी अधिवेशनाला लागलेली असताना एका गोळ्यासाठी कोणाला बोलावणार? सुभेदारांनी फौजी तोडगा काढला: रात्रीचा पहारा, दोघादोघांच्या जोडीने, आणि दर दोन-तीन तासांनी वहीत नोंद. वही तीच, माझी.

जोड्या भराभर लागल्या. एकतीस नंबर उरला. एक पोरगं म्हणालं, माझ्या घरी समजलं तर. दुसऱ्याने तेही सांगितलं नाही, बुटाची नाडी बांधत बसलं. सुभेदार म्हणाले, "ठीक आहे. एकतीस माझ्यासंगं."

त्या रात्रीचं मला दोघांकडूनही वेगवेगळं कळलं. दोन्ही मिळून असं आहे.

डिसेंबरअखेरची नागपूरची थंडी, हाडात शिरणारी. शेकोटी पेटवली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सुभेदारांनी विचारलं, त्या वेळी मेळाव्याला आठ दिवस असताना का पळालीस. (की पळालास? त्यांनी काय म्हटलं ते दोघांनीही मला सांगितलं नाही.) ती म्हणाली, भरती झाली असती तर पळता आलं नसतं, म्हणून आधीच पळाली. पाच चोवीसचा तो पोरगा खोटा होता. त्याला खरं धरून वर्दी घेतली असती तर पुढे रोज पकडलं जायची भीती. फौजेच्या फॉर्मात आजही तिच्यासाठी जागा नाही. पोलिसांच्या फॉर्मात झाली, म्हणून परत आली. आता ती गुरूच्या डेऱ्यावर राहते. गुरू चिडवते, टाळीनं पोट भरते पोरी, शिट्टीनं नाही भरत.

(पुढे 2023 च्या सुरुवातीलाच नागपूर पोलिसांनी कलम 144 खाली आदेश काढला. तृतीयपंथीयांनी चौकांत, सिग्नलवर घोळक्याने जमून पैसे मागायचे नाहीत. त्या त्रासाच्या तक्रारी खऱ्या होत्या, मलाही एकदोनदा तो अनुभव आला आहे. पण ज्या चौकात तिच्या डेऱ्यावरच्यांना उभं राहायची मनाई झाली, त्याच चौकात शिट्टी घेऊन उभं राहण्यासाठी ही रोज सहा राउंड मारत होती.)

मग सुभेदार बोलायला लागले. शेकोटीपाशी म्हातारा फौजी बोलायला लागला की थांबत नाही. त्यांनी आज्याची गोष्ट काढली. आजा 1942 मध्ये इथेच कामठीला दुसऱ्या महार पलटणीत भरती झाला. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी कंपनी सरकारच्या फौजेत उमर घालवली होती. मग 1892 मध्ये इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, का तर ही लढवय्यी जात नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा दार किलकिलं केलं, एक पलटण उभी केली, आणि युद्ध सरल्यावर 1921 मध्ये ती मोडून टाकली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला तेव्हा 1941 मध्ये बेळगावला पहिली महार पलटण उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी कामठीला दुसरी. आजा सांगायचा, भरतीच्या दिवशी छातीला फीत लावली तेव्हा रडू आलं. फितीने फक्त छाती मोजली.

"आणि माझे गार्ड्स," सुभेदार म्हणाले. "1949 मध्ये करिअप्पासाहेबांनी उभे केले. त्याआधी पलटणी जातीच्या, प्रांताच्या. जाटांची वेगळी, राजपुतांची वेगळी. साहेब म्हणाले, ह्या पलटणीत सगळे येतील. तेव्हा मोठेमोठे अधिकारी काय म्हणत असतील ठाऊक आहे तुले? एका लंगरात कसे जेवतील. आमच्या आज्याच्या टायमाले तर हेच. याच्या हातचं पाणी कोण पिणार. एका..."

इथे सुभेदार थांबले. ती सांगते, ते बराच वेळ जाळाकडे बघत राहिले. तिने एक फाटा आत सारला. नळाची गोष्ट तिला पोह्याच्या टपरीवर ऐकू आली होती, पण तिने ती काढली नाही.

या दाराच्या उघडझापीवरून मला अमेरिका आठवते. तिथल्या फौजेने 2016 मध्ये ट्रान्सजेंडर सैनिकांना उघडपणे राहू दिलं. 2017 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ट्वीट करून बंदी जाहीर केली. 2021 मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी ती उठवली. 2025 मध्ये जुने परत आले आणि बंदीही परत आली. त्याच देशाने 1948 मध्ये, करिअप्पांच्या एक वर्ष आधी, काळ्या आणि गोऱ्या सैनिकांच्या वेगळ्या पलटणी मोडण्याचा आदेश काढला होता. तेव्हाही विरोधकांचा मुद्दा एकोप्याचाच होता. पहारेकऱ्याचं मात्र अवघड होतं. आज तो जागा राहिला तर शाबासकी, उद्या साहेब बदलला की तोच जागेपणा नियमाबाहेर.

दुसऱ्या दिवशी मी पाचला मैदानावर पोचलो तेव्हा शेकोटीची राख झाली होती. सुभेदार खोलीच्या भिंतीला टेकून बसले होते, अंगावर तिची शाल. चेहरा असा की घरात कोणी गेलं असावं. वही त्यांच्या मांडीवर उघडी होती. शेवटच्या पानावर, जिथे मी तिचा नंबर टाकला होता तिथेच, तिच्या अक्षरात पहाऱ्याची नोंद होती:

10 ते 12. दोघे जागे. सर्व ठीक.
12 ते 2. दोघे जागे. एक कुत्रं आलं, गेलं.
2 ते 5. सुभेदारसाहेबांचा डोळा लागला. मी जागी होते. सर्व ठीक.

मी म्हटलं, "पोरी, हे कशाला लिहिलं? म्हातारे आहेत ते. लिहायचं, दोघे जागे."

ती म्हणाली, "पहाऱ्याच्या वहीत खोटं नाही लिहायचं असं त्यांनीच सांगितलं होतं."

फौजेत पहाऱ्यावर झोपणं हा लहान गुन्हा नाही. सुभेदारांनी अख्ख्या नोकरीत तो एकदाही केला नव्हता, हे त्यांच्या तोंडून मी निदान शंभरदा ऐकलं आहे. त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागितलं. तिच्या शेवटच्या ओळीखाली सही केली, तारीख टाकली. मग उठून खोलीतून एक जुनी पिट्ठू काढली, तिच्यात उरलेला गोळा टाकला, वर दोन विटा टाकल्या आणि पाठीवर घेतली.

तोवर पोरंपोरी जमली होती. एकसष्ट वर्षांचा माणूस, पाठीवर ओझं, चुन्याच्या रेघेवरून दुडक्या चालीने निघाला. एक राउंड. दोन. पोरं गप्प झाली. तिसऱ्याला त्यांचा तोल गेला, दोघं धावली, त्यांना हाताने मागे सारलं. चौथा पुरा करून रेघेपाशी आले तेव्हा तोंडातून वाफ निघत होती.

"काका, कायची शिक्षा?" नाडी बांधणाऱ्या पोराने विचारलं.

"पहाऱ्यावर झोपलो."

कोणाला खरं वाटेना. मग त्याच पोराने विचारलं, "मग पहारा कोणी दिला?"

सुभेदारांनी पिट्ठू खाली ठेवली. कंबर धरून सरळ झाले. बोट दाखवायची त्यांना सवय नाही, हनुवटीनेच दाखवलं.

"हिनं."

एवढंच. भाषण नाही, माफी नाही. तिला शाबासकीही नाही. लगेच हुकूम सुटला: दोन लायनी, वॉर्मअप, कोणी बोलायचं नाही. ती नेहमीसारखी मध्येच उभी राहिली. सावनेरची पोरगी तिच्याकडे बघत होती. तिचा प्रश्न तसाच होता, आणि तो तसाच असायला हरकत नव्हती. त्या दिवशी पोरींचे आठशे झाल्यावर मात्र तिने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. ती म्हणाली, थांब, अजून चार राउंड आहेत. सावनेरची बाटली धरून रेघेवर उभी राहिली.

जानेवारीची नवी वही आखताना मी पोरं आणि पोरी अशी पानं पाडलीच नाहीत. नंबर, अंतर, वेळ. एवढे तीनच रकाने. एकतीस नंबरापुढे मात्र रोज दोन ओळी सोडाव्या लागत.

2 जानेवारीपासून राज्यभर मैदानी चाचण्या सुरू झाल्या. आमची पोरं एकेक करून आपापल्या तारखेला गेली. कोणी हसत परत आलं, कोणी दोन दिवस तोंड दाखवलं नाही. सावनेरची गेली ती पेढे घेऊन आली; लेखी बाकी होती, पण मैदान तिने मारलं होतं. लायनी पातळ होत गेल्या. महिना सरायच्या सुमारास एका पहाटे मैदानात रेघेवर एकच जण उरलं होतं. मुंबईहून निकष यायचे होते. 28 फेब्रुवारी लांब होती.

धुकं इतकं की पलीकडचं वळण दिसत नव्हतं. सुभेदारांनी शिट्टी मारली, घड्याळ दाबलं. पावलांचा आवाज दूर गेला, जवळ आला, पुन्हा दूर गेला. दुसऱ्यांदा ती धुक्यातून बाहेर पडून रेघ ओलांडून गेली तेव्हा त्यांनी वेळ मोठ्याने सांगितला आणि मी लिहून घेतला.

"आठशेला आली," ते मला म्हणाले.

घड्याळ त्यांनी थांबवलं नव्हतं. ती तशीच पुढे, तिसऱ्या राउंडला निघाली होती.